घडतात तिकडे, मुरतात इकडे

बहुतेक मराठी माणसांना सँडहर्स्ट ठाऊक असतं ते मशीद आणि डॉकयार्ड रोड यांच्यामधलं स्टेशन म्हणून. खाली मेन लाइन, डोक्यावर हार्बर, आणि दोहोंमधल्या जिन्यावर सदैव कुणीतरी धावतंय. या नावाचं एक खेडं इंग्लंडात बर्कशर परगण्यात आहे, तिथे लष्करी अधिकारी घडवणारं जगप्रसिद्ध कॉलेज आहे, आणि त्या खेड्याचं या डोंगरीतल्या पुलाशी थेट नातं लागतं, असं त्या धावणाऱ्याला थांबवून सांगायला जावं तर तो विचारील, "काका, पनवेल गेली का?"

नातं मात्र लागतंच. विल्यम मॅन्सफील्ड नावाचा एक मुलगा सँडहर्स्टच्या कॉलेजात शिकला आणि पायरी पायरीने चढत १८६५ ते १८७० या काळात हिंदुस्थानचा सरसेनापती झाला. १८७१ साली त्याला उमरावकी मिळाली, तेव्हा त्याने नाव घेतलं ते लॉर्ड सँडहर्स्ट. पुढे त्याचा मुलगा, तोही विल्यमच, वारशाने लॉर्ड सँडहर्स्ट झाला आणि १८९५ ते १९०० मुंबईचा गव्हर्नर होता. प्लेग, रँडचा खून, लोकमान्यांवरचा पहिला राजद्रोहाचा खटला, हे सगळं याच्याच कारकिर्दीतलं. प्लेगने हादरलेल्या सरकारने १८९८ साली मुंबईत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला, ट्रस्टने दाट वस्तीतून रुंद रस्ता काढला, रस्त्याला लाटसाहेबांचं नाव दिलं आणि रस्त्याचं नाव स्टेशनला चिकटलं. म्हणजे खेड्याचं नाव बापाने उचललं, मुलाने वापरलं, रस्त्याने पळवलं आणि शेवटी रेल्वेने तिकिटावर छापलं. खेड्याला कुणी विचारलं नाही. २०२४ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाने या स्टेशनचं नाव डोंगरी करावं असा ठराव केला, तेव्हाही नाही.

गंमत पुढेच आहे. ते कॉलेज तरी धड सँडहर्स्टचं आहे का? १८१२ साली ते त्या शिवारात आलं खरं, पण आज त्याचं मोठं फाटक उघडतं शेजारच्या सरे परगण्यातल्या कॅम्बर्ली गावात, आणि टपालाचा पत्ताही कॅम्बर्लीचाच. कॅम्बर्लीची कथा आणखी केविलवाणी. कॉलेजच्या आधाराने वसलेल्या या वस्तीचं मूळ नाव केंब्रिज टाउन. पत्रं जायला लागली विद्यापीठाच्या केंब्रिजला. अखेर टपालाचा घोळ नको म्हणून १८७७ साली गावाचं नावच बदललं. एका गावाने नाव दिलं, दुसऱ्याने पत्ता दिला, आणि जगाच्या लेखी दोघांनीही मिळवलं काय, तर पहाटेचं बिगुल.

पुणेकराला यात नवल वाटू नये. एनडीए खडकवासल्याला आहे असं अख्खा देश म्हणतो. पण पुण्याचा माणूस खडकवासल्याला जातो तो सिंहगड रस्त्याने, धरणाच्या कडेला मीठ-तिखट चोळलेलं कणीस आणि गरम कांदाभजी खायला. एनडीएच्या फाटकाशी जायचं तर वारजे, उत्तमनगर, कोंढवे धावडे अशी निराळीच वाट धरावी लागते. खडकवासला म्हटल्यावर पुणेकराच्या डोळ्यांपुढे कॅडेट येतच नाहीत, टीएमसी येतात. ऑगस्टात विसर्ग किती क्युसेकने चाललाय, चारही धरणांत मिळून साठा किती, यावर ज्या माणसाचं दिवसाचं पहिलं वाक्य अवलंबून असतं, त्याला पलीकडच्या काठावर दोन हजार तरुण पहाटे उठून काय करतात याची चौकशी करायला सवड कुठली?

मीही त्यातलाच. उमेदीची सगळी वर्षं पुण्यात काढली आणि एनडीएचा माणूस प्रथम जवळून पाहिला तो इथे, पंचकुल्यात. मुलाच्या नोकरीमागोमाग आम्ही दोघं इकडे आलो. शिवालिकच्या पायथ्याचं हे गाव हरियाणात, पण चंडीगडला इतकं खेटून की नवख्याला सीमा कळत नाही. इथलीही तीच तऱ्हा. पंचकुल्याला यायचं तर उतरायचं चंडीगड स्टेशनवर, ज्याचं एक दार सरळ पंचकुल्याकडेच उघडतं. चंडीगडला नाव मिळालं ते चंडीच्या देवळावरून, आणि ते देऊळ आहे आमच्या पंचकुला जिल्ह्यात, कालक्याच्या रस्त्यावर. देवळाच्या आसऱ्याने लष्कराची छावणी, चंडीमंदिर. पश्चिम कमांडचं मुख्यालय १९८५ साली सिमल्याहून इथे उतरलं. आमचं स्वतःचं म्हणावं असं मोठं देवस्थान मनसादेवीचं. मनीमाजऱ्याच्या राजाने ते १८११ ते १८१५ मध्ये बांधलं. तिकडे सँडहर्स्टला कॉलेजच्या नव्या इमारतीत पोरं कवायत करू लागली होती आणि आमच्याकडे पुण्यात दुसरे बाजीराव तीर्थयात्रा करत होते. कोण कुठली तयारी करत होतं ते पाहिलं की पुढच्या इतिहासाबद्दल फारसं वाईट वाटत नाही. अर्थात न्यायाने बोलायचं तर खडकीला आपल्याला हरवणारी फौज कंपनीची, आणि कंपनीचे तोफखान्याचे नि इंजिनियर साहेब घडत ते क्रॉयडनजवळच्या ॲडिस्कॉम्बला. सँडहर्स्टवर तो डाग नको.

आपल्या लोकांना सँडहर्स्टचं दार उघडलं ते १९१८ साली, पहिल्या महायुद्धातली मदत पाहून, आणि तेही वर्षाला दहा जागांपुरतं. कोल्हापूरकडच्या वडगावचे शंकरराव थोरात त्यातून आत गेले, १९२६ साली अधिकारी होऊन बाहेर पडले, आणि या कोल्हापूरकराची नेमणूक झाली ती पंजाबी पलटणीत. पुढे १९४५ च्या जानेवारीत ब्रह्मदेशात कांगॉच्या लढाईत त्यांनी अशाच एका पंजाबी पलटणीचं नेतृत्व करून डीएसओ मिळवला. पंजाबी जवानांना तांबड्या-पांढऱ्या रश्शाविषयी त्यांनी काही सांगितलं की नाही, याची नोंद लष्करी इतिहासकार करत नाहीत. त्यांचं ते एक वाईटच आहे.

त्याच १९२६ साली सँडहर्स्टला एक प्रकार घडला. ब्राउनिंग नावाचा अ‍ॅडज्युटंट संचलन संपल्यावर आपल्या 'द व्हिकर' नावाच्या घोड्यावरून खाली न उतरता तसाच जुन्या इमारतीच्या पायऱ्या चढला आणि घोड्यासकट दारातून आत गेला. तेव्हापासून आजतागायत दीक्षान्त संचलनाच्या शेवटी अ‍ॅडज्युटंट घोड्यासकट पायऱ्या चढतो. मला लष्करी परंपरेचं मर्म या एका घटनेत दिसतं. आमच्या सदाशिव पेठेतल्या वाड्यात कुणी घोड्यासकट जिना चढला असता, तर खालच्या बिऱ्हाडाने दावा लावला असता, तो तीन पिढ्या चालला असता, आणि तीच आमची परंपरा झाली असती.

मग पुढाऱ्यांनी आग्रह धरला की सँडहर्स्ट इथेच काढा. १९२५ ची स्कीन समिती 'इंडियन सँडहर्स्ट कमिटी' याच नावाने ओळखली गेली. मोतीलाल नेहरू आणि जिना दोघेही तिच्यावर होते. १९३१ च्या चेटवुड समितीवर नागपूरचे डॉ. मुंजे होते, ज्यांनी पुढे १९३७ साली नाशिकला भोसला मिलिटरी स्कूल सुरू केलं. १९३२ साली डेहराडूनला चाळीस मुलांवर अकादमी उघडली, पहिल्या तुकडीत सॅम माणेकशा होते. स्वातंत्र्यानंतर तिन्ही दलांची मुलं एकत्र शिकावीत म्हणून खडकवासला ठरलं. ६ ऑक्टोबर १९४९ ला नेहरूंनी कोनशिला बसवली आणि १६ जानेवारी १९५५ ला एनडीए रीतसर उघडली. इतिहास एवढा पुरे. तो आमच्या शेजारच्या कर्नलसाहेबांना माझ्यापेक्षा चांगला येतो आणि ते तो नकाशासकट सांगतात.

माझं म्हणणं एवढंच की अधिकारी घडतात त्या गावाला त्यांचा काही उपयोग होत नाही. खडकवासल्याला नाही, सँडहर्स्टला नाही. अठरा-वीस वर्षांची पोरं कुंपणाआड कवायत करतात आणि टोपी हवेत उडवून निघून जातात. गाव नाव देऊन मोकळं. फळ खातं ते पंचकुला. तीस-पस्तीस वर्षं देशभर फिरून झालं की ही मंडळी इथे येऊन स्थिरावतात. छावणीचं कमांड हॉस्पिटल जवळ, सीएसडी कँटीन जवळ, गोल्फ जवळ, डोंगर डोळ्यांसमोर. आणि मुख्य म्हणजे रस्ते सरळ. ज्या माणसाने आयुष्यभर 'दाहिने सज' ऐकून मान वळवून रांग तपासली, त्याला कसबा पेठेत घर दिलं तर तो आजारीच पडेल. सेक्टरांच्या या गावात झाडंसुद्धा फॉल इन झाल्यासारखी उभी असतात.

आमच्या समोरच्या घरात राहतात ते कर्नलसाहेब झज्जरकडचे. तोफखान्यातले. 'समोरचे' म्हणजे आमच्या व त्यांच्या फाटकांमध्ये रस्त्याची रुंदी आहे, पण आवाजाला ती कळत नाही. त्यांच्या दिवाणखान्यात काळ्या रंगाच्या लोखंडी ट्रंका आहेत, पांढऱ्या रंगात नाव नि नंबर लिहिलेल्या. त्यांच्यावर गादी आणि फुलकारी टाकून मेमसाहेबांनी बैठक केली आहे. पडदे मात्र एकाही खिडकीला बेताचे नाहीत; प्रत्येक बदलीला क्वार्टरच्या खिडक्या निराळ्या आणि पडदे तेच, अशी त्यांनी उभी हयात काढली. "अब अपना मकान है तो खिडकियाँ पडदों के हिसाब से बनवा लेते," असं त्या आमच्या हिला म्हणाल्या. हिला ते इतकं पटलं की तेव्हापासून दोघींचं वेगळंच हेडक्वार्टर चालतं. तिथे कर्नलसाहेबांना प्रवेश नाही.

सोसायटीची बैठक साडेसहाला असेल तर कर्नलसाहेब सहा पंचविसाला खुर्चीत असतात. 'पाच मिनिटं आधी' हीच त्यांची वेळ. आम्ही सात वाजता पोचतो तेव्हा ते आमच्याकडे ज्या नजरेने बघतात, ती नजर शत्रूने फार जवळून पाहिलेली असावी. बागेतल्या पाण्याच्या टाकीचा प्रश्न निघाला की आपण म्हणतो, टाकी गळते, प्लंबर बोलवा. साहेब उभे राहतात: आधी परिस्थिती, मग उद्दिष्ट, मग अंमलबजावणी, मग रसद, आणि शेवटी "कोई शक?" प्लंबर बिचारा कोपऱ्यात उभा राहून ऐकतो आणि आपल्यावर चढाई होणार की आपण करायची, या विचारात पडतो. टाकी मात्र दुरुस्त झाली, आणि परत गळली नाही. पुण्याच्या आमच्या सोसायटीत तिच्यावर दोन उपसमित्या नेमल्या गेल्या असत्या.

मागच्या गणपतीत मात्र प्रकरण हाताबाहेर, म्हणजे साहेबांच्या हातात, गेलं. आसपासच्या सेक्टरांतली आम्ही थोडी मराठी घरं मिळून बसवतो. विसर्जनाच्या मिरवणुकीला माणसं कमी पडतात म्हणून कुणीतरी साहेबांना विचारलं. झालं. आदल्या दिवशी ते स्वतः हौदापर्यंतच्या वाटेची रेकी करून आले. कुठे विजेची तार खाली आहे, कुठे भटकी गाय बसते, कुठे वळण अरुंद, सगळं टिपलेलं. संध्याकाळी आम्हा सगळ्यांची ओ ग्रुप. ओ ग्रुप म्हणजे हाताखालच्यांना हुकूम द्यायची बैठक. तिथे प्रश्न विचारता येतो, मत देता येत नाही. निघायची वेळ सोळाशे तास. मी म्हटलं, कर्नलसाब, आमच्याकडे लक्ष्मी रोडला मिरवणूक आज निघते आणि उद्या दुपारी नदीवर पोचते. ते विचारात पडले. म्हणाले, "भाईसाब, फासला कितना है?" मी म्हटलं, असेल दोनेक किलोमीटर. त्यानंतर बराच वेळ ते माझ्याशी बोलले नाहीत.

चारच्या ठोक्याला बाप्पा निघाले. अशा वेळेवर निघालेला गणपती मी जन्मात पाहिला नव्हता. मूर्तीच्या चेहऱ्यावरसुद्धा किंचित आश्चर्य होतं असं मला वाटलं. लेझीमवाली पोरं तीन रांगांत. मोदकांचे डबे दुसऱ्या गाडीत, 'रसद' म्हणून. आणि मोरयाचा गजर जरा थंड वाटला तेव्हा साहेब पुढे झाले. तोफखान्यात असताना त्यांची तुकडी काही काळ मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या एका पलटणीबरोबर होती. छाती भरून त्यांनी जी आरोळी ठोकली, "बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय!", ती ऐकून बाल्कनीत उभे असलेले दोन निवृत्त सुभेदार चपला न घालता खाली आले. पुढची मिरवणूक त्यांनीच नेली. पाच वाजून दहा मिनिटांनी आम्ही प्रसाद घेऊन घरी होतो, आणि उरलेल्या संध्याकाळचं काय करायचं हे एकाही मराठी माणसाला सुचत नव्हतं.

या माणसाला मी एकदाच गंभीर पाहिलं. स्वच्छ हवा असली की आमच्या गच्चीवरून रात्री कसौलीचे दिवे दिसतात. त्याच डोंगरात सनावरची शाळा. साहेब म्हणाले, अरुण क्षेत्रपाल तिथे शिकला. पुण्यात जन्मला, सनावरला शिकला, मग खडकवासला. १६ डिसेंबर १९७१ ला बसंतरच्या लढाईत आपल्या पेटलेल्या रणगाड्यातून बाहेर यायला त्याने नकार दिला, तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. मरणोत्तर परमवीर चक्र. आज एनडीएचं संचलनाचं मैदान त्याच्या नावाचं आहे. "हमारे लिए तो वो बस रगडे का मैदान था," साहेब म्हणाले. रगडा म्हणजे शिक्षा: कोलांट्या, बेडूकउड्या, सायकल डोक्यावर घेऊन धावणं. मग ते उठून गेले. साखरेचं निमित्त सांगून चहा अर्धा ठेवून गेले, पण त्यांना साखर नाही.

सध्या त्यांच्या घरात रगडा उलट्या दिशेने चालू आहे. नात एनडीएच्या परीक्षेला बसणार. २०२२ पासून मुलींना तिथे प्रवेश मिळू लागला, आणि ३० मे २०२५ ला पहिल्या सतरा जणी संचलन करून बाहेर पडल्या. ते नातीने टीव्हीवर पाहिलं, आणि साहेबांनी नातीला पाहताना पाहिलं. आता पहाटे ती धावायला निघते नि आजोबांना उठवते. आजोबा पाच मिनिटं आधी तयार नसतील तर म्हणते, "सर, फ्रंट रोल?" मेमसाहेबांच्या म्हणण्याप्रमाणे घरात पहिल्यांदाच कुणीतरी त्यांना बरोबर ओळखलं आहे.

तीन वर्षं खडकवासल्यात काढून साहेबांना खडकवासला गाव ठाऊक नव्हतं, हे मला त्यांच्या कोर्सच्या पन्नास वर्षांच्या मेळाव्याच्या वेळी कळलं. कोर्समेट देशभरातून पुण्याला जमणार होते. मी उत्साहाने सांगायला गेलो, धरणावर भजी खा, सिंहगडावर जा. सिंहगडाचं नाव काढताच त्यांचा चेहरा कसनुसा झाला. आपल्याला सिंहगड म्हणजे तानाजी, १६७०, आणि आता पिठलं-भाकरी नि मडक्यातलं दही. त्यांना सिंहगड म्हणजे शिक्षा. चूक केलेल्या कॅडेटला सुट्टीच्या दिवशी गडावर चढवून परत आणतात, आणि गडाच्या माथ्यावर पोचल्याचा पुरावा दाखवावा लागतो. साहेबांनी तो गड पुष्कळदा सर केला होता, यावरून त्यांच्या कॅडेटपणाविषयी अंदाज बांधता येतो. वर दही मिळतं हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. "पचास साल, भाईसाब!" एवढंच ते म्हणाले.

पुण्याहून त्यांनी फोनवर मजकूर पाठवला. शब्द बहुतेक इंग्रजी, शिस्त सगळी लष्करी. मी तो आपल्या बोलीत देतो. उद्दिष्ट: सिंहगड. हल्ला: अकराशे तास, टॅक्सीने, पायथ्यापासून माथ्यापर्यंत. प्रतिकार: नाही. हस्तगत माल: पिठलं दोन ताटं, भाकरी पाच, ठेचा (जपून वापरावा, दारूगोळा), दही चार मडकी. जखमी: मेमसाब, गुडघा, किरकोळ. वाटेत खडकवासला गाव प्रथमच पाहिलं, कणीस उत्तम. कणीसवाल्याला एनडीएचा रस्ता विचारला. तो म्हणाला, ती इथं नाही, उत्तमनगरकडून जावा. त्याला सांगितलं की मी तिथलाच आहे. त्याने विश्वास ठेवला नाही, पण लिंबू जास्त चोळून दिलं.